एकट्याला सुटू नये असे कोडे: गटासाठी तर्ककोडी कशी मांडावीत आणि कशी घ्यावीत

‘सगळ्यांनी मोकळेपणाने बोला’ असे सांगितल्यावर जे बोलायला लागतात, ते बहुतेक आधीपासूनच बोलणारे असतात. गटात कोणाचे ऐकले जाते हे सूचना देऊन फारसे बदलत नाही, कामाची मांडणी बदलली तर बदलते. तर्ककोडी इथे उपयोगी पडतात. कोड्यातली माहिती तुकड्यांत वाटायची आणि प्रत्येकाला असा तुकडा द्यायचा, जो दुसऱ्या कोणाकडे नाही आणि ज्याच्यावाचून उत्तर निघत नाही. मग बोलक्या माणसाला शांत माणसाकडे वळण्यावाचून गत्यंतर राहत नाही.

ही अडचण नुसती स्वभावाची नाही. गॅरोल्ड स्टॅसर आणि विल्यम टायटस या मानसशास्त्रज्ञांनी १९८५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात दिसले की गट चर्चा करतात ती सगळ्यांना आधीच ठाऊक असलेल्या गोष्टींची. एखाद्याकडेच असलेली माहिती बोललीच जात नाही, किंवा बोलली गेली तरी मागे पडते. अशा ६५ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१२ मध्ये आला. त्यानुसार, माहिती विखुरलेली असेल तर योग्य उत्तरापर्यंत पोहोचण्याची गटाची शक्यता, सगळी माहिती सगळ्यांकडे असलेल्या गटाच्या मानाने आठपट कमी असते. खाली दिलेले कोडे नेमकी हीच अडचण वीस मिनिटांत टेबलावर आणते. ते टीमला, वर्गाला किंवा स्वयंसेवकांच्या गटाला जसेच्या तसे देता येईल.

कोणते कोडे घेऊ नये

‘अरे हो!’ म्हणत एका क्षणात सुटणारी कोडी बाद. एकाला सुचले की बाकीच्यांचे काम संपते. लांडगा, शेळी आणि कोबी होडीतून पलीकडे न्यायचे कोडेही नको, कारण गटातल्या कोणाला तरी ते पाठ असतेच आणि त्याने गप्प बसायचे की सांगून टाकायचे, एवढाच प्रश्न उरतो.

पाच घरे आणि झेब्रा यांचे प्रसिद्ध कोडे बरेच जण गटाला देतात. ते १९६२ च्या डिसेंबरात ‘लाइफ इंटरनॅशनल’ या नियतकालिकात छापून आले होते. आइन्स्टाइनने ते लहानपणी रचले, या सांगोवांगीला पुरावा नाही. कोडे उत्तमच आहे, पण त्यात पंधरा विधाने आणि पाच घरांचे पाच-पाच तपशील आहेत. पहिल्याच बैठकीत ते दिले की गट थकतो आणि शेवटी एकच माणूस कागदावर तक्ता आखून ते सोडवत बसतो. शिवाय त्यात सिगारेटच्या जुन्या ब्रँडची नावे आहेत. ज्याला ती कधी कानावर पडलेली नाहीत, तो प्रत्येक वेळी अडखळतो.

पहिल्या फेरीला पाच जागा आणि दोन तपशील पुरे. क्लू, म्हणजे उत्तराकडे नेणारी विधाने, आठ.

कोडे

हा मजकूर सगळ्यांना दिसेल असा मधोमध ठेवा:

*एका कार्यक्रमात पाच भाषणे एकापाठोपाठ आहेत. वक्ते: आशा, इरफान, कबीर, मेरी, सुनंदा. विषय: पाणी, वीज, माती, ध्वनी, प्रकाश. प्रत्येकाचे एकच भाषण आणि एकच विषय. कोण कितव्या क्रमांकावर, कशावर बोलणार आहे?*

आणि हे क्लू, प्रत्येक वेगळ्या कार्डावर:

१. पाण्यावरचे भाषण पाचांतले बरोबर मधले आहे.
२. आशा आधी बोलते, सुनंदा नंतर. दोघींच्या भाषणांमध्ये नेमके एक भाषण आहे.
३. मेरीचे भाषण एक तर सगळ्यांत पहिले आहे, नाही तर सगळ्यांत शेवटचे.
४. कबीर इरफाननंतर कधीतरी बोलतो.
५. विजेवरचे भाषण संपले की लगेच पाण्यावरचे सुरू होते.
६. आशाचा विषय वीज आहे.
७. कबीरचा विषय प्रकाश आहे.
८. ध्वनीवरचे भाषण मातीवरच्या भाषणानंतर कधीतरी आहे.

उत्तर: मेरी (माती), आशा (वीज), इरफान (पाणी), सुनंदा (ध्वनी), कबीर (प्रकाश), याच क्रमाने.

उत्तराची वाट अशी आहे. पाणी तिसरे, म्हणून वीज दुसरी, म्हणून आशा दुसरी आणि सुनंदा चौथी. उरल्या जागा पहिली, तिसरी आणि पाचवी. कबीर प्रकाशावर बोलतो, तेव्हा तिसरी जागा त्याची नाही, आणि त्याच्या आधी इरफान हवा म्हणून पहिलीही नाही. कबीर पाचवा. मेरी टोकाला हवी, म्हणजे पहिली. मधली जागा इरफानला. राहिले माती आणि ध्वनी, ते आठव्या क्लूने ठरतात.

वरचे क्रमांक खेळ घेणाऱ्याच्या सोयीसाठी आहेत, कार्डांवर ते छापू नका. छापले तर गट त्याच क्रमाने वाचतो आणि पुढे काय विचारायचे हे ठरवण्याची गरजच पडत नाही. एकूण क्लू किती, हेही आपणहून सांगायचे नाही. कोणी विचारले तर जरूर सांगा, कारण हा प्रश्न सुचणे म्हणजेच गट नीट काम करू लागल्याची खूण आहे.

क्लू वाटताना

आठांपैकी एकही क्लू फालतू नाही. कोणताही एक काढला तर एकाहून जास्त उत्तरे निघतात. म्हणजे गटातल्या कोणालाही वगळून काम भागत नाही. हा गुण टिकवायचा तर वाटप डोळे झाकून करू नका. १ आणि ५, ५ आणि ६, ६ आणि २ हे एकमेकांना जोडलेले दुवे आहेत. त्यांतले दोन एकाच हातात पडले तर तो माणूस पहिल्याच मिनिटाला दोन पावले पुढे जातो आणि बाकीचे त्याच्या मागे.

चार जणांत: १ व ४, २ व ८, ३ व ६, ५ व ७.
पाच जणांत: १ व ४, २ व ८, ३ व ६, आणि ५ व ७ दोघांना एकेक.
सहा जणांत: १ व ४, २ व ८, बाकी चौघांना एकेक.

चारांपेक्षा कमी माणसे असतील तर ज्याच्या त्याच्या हातात फार माहिती जाते. सहांपेक्षा जास्त झाली तर टेबलाभोवती दोन चर्चा सुरू होतात. तीस माणसे असतील तर सहा-सहाचे पाच गट करा आणि सगळ्यांना हेच कोडे द्या. पण शर्यत लावू नका, बक्षीसही नको. घड्याळाशी झुंज लागली की गट आपल्यातल्या सर्वांत वेगवान माणसाच्या हाती कारभार देतो, आणि आपल्याला टाळायचे होते ते नेमके हेच.

सामान

क्लूची कार्डे जाड कागदाची, तळहाताएवढी. अक्षर १८ पॉइंटपेक्षा लहान नको, आणि पांढऱ्यावर काळे. टेबलासाठी पंधरा चिठ्ठ्या: पाच नावे, पाच विषय, पाच क्रमांक. त्या जाड मार्करने लिहा, म्हणजे समोरच्या बाजूने बसलेल्यालाही वाचता येतील. नाव आणि विषय यांत फरक रंगाने दाखवायचा असेल तर आकारही वेगळा करा, नावे गोल आणि विषय चौकोनी. लाल-हिरव्यात गोंधळ होणारे लोक थोडेथोडके नसतात आणि ते तसे सांगतीलच असे नाही.

पेन आणि कोरा कागद शक्यतो मध्ये ठेवू नका. पेन ज्याच्या हातात, गटाचे उत्तर त्याच्या हातात. सरकवता येणाऱ्या चिठ्ठ्या सगळ्यांच्या असतात. बसायला गोल किंवा चौकोनी टेबल हवे. लांबट टेबलाच्या टोकाला बसलेले दोघे पाच मिनिटांत प्रेक्षक होतात.

नियम, आणि ते का

पहिला नियम, कार्ड ज्याचे त्याच्याच हातात राहील. ते वाचून दाखवता येईल, समजावता येईल, पुन्हा पुन्हा सांगता येईल, पण टेबलावर ठेवायचे नाही आणि दुसऱ्याला द्यायचे नाही. सगळी कार्डे टेबलावर पसरली की कोडे एकाचे होते, बाकीचे बघे. या खेळात सगळ्यांत जास्त वेळा मोडला जाणारा नियम हाच, आणि मोडणारा बहुधा मदतीच्याच भावनेने हात पुढे करतो: ‘दे इकडे, मी वाचतो.’ खेळ घेणाऱ्याने तिथे लगेच, हसतमुखाने, कार्ड परत द्यायला लावावे.

दुसरा नियम, ‘पुन्हा सांगा’ असे कोणीही, कितीही वेळा म्हणू शकतो आणि त्याला कारण द्यावे लागत नाही. ज्याला ऐकू कमी येते, ज्याची भाषा वेगळी आहे किंवा ज्याचे लक्ष क्षणभर उडाले, या सगळ्यांची सोय एका नियमात होते आणि कोणाला स्वतःविषयी काही जाहीर करावे लागत नाही.

तिसरा नियम, ज्याच्या क्लूमुळे जागा ठरली, चिठ्ठी त्यानेच ठेवायची.

चौथा सुरुवातीलाच सांगून ठेवा: उत्तर तयार झाले की खेळ घेणारा कोणाही एकाला एका चिठ्ठीचे कारण विचारेल. ‘सुनंदा चौथी कशावरून?’ त्याला सांगता आले नाही तर गटाने दोन मिनिटे घेऊन समजावायचे आणि मग पुन्हा उत्तर द्यायचे. मनातल्या मनात कोडे सोडवून निकाल जाहीर करणाऱ्यावर एवढा एकच नियम लागू पडतो. त्याला गप्प करायची गरज उरत नाही, कारण आता बाकीच्यांना समजणे ही त्याचीही गरज झालेली असते.

स्वतःपुरते टिपण घ्यायला बंदी नको. लक्षात ठेवायला त्रास होणाऱ्या माणसाला ती बंदी थेट खेळाबाहेर काढते.

वेळ आणि खेळ घेणाऱ्याचे काम

एकूण पाऊण तास धरा: नियमांना पाच मिनिटे, सोडवायला वीस, नंतरच्या चर्चेला वीस. चर्चा कापून दुसरे कोडे घेण्याचा मोह होईल, तो आवरा.

सोडवायला सुरुवात होण्याआधी एक मिनिट पूर्ण शांतता ठेवा. प्रत्येकाने आपले कार्ड वाचायचे आणि शंका असेल तर खेळ घेणाऱ्याला जवळ बोलावून हळूच विचारायचे. वाचनाचा वेग कमी असलेल्या माणसाला हे एक मिनिट पुढच्या वीस मिनिटांइतके मोलाचे असते.

त्यानंतर खेळ घेणाऱ्याने शक्य तितके गप्प राहावे. नियम मोडला तर आठवण करून द्यायची, वेळ सांगायची, एवढेच. गट अडला की लगेच इशारा देऊ नका. अमेरिकेतल्या शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात वर्गांत मोजून पाहिले होते: प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंदही थांबत नाहीत, आणि तीन सेकंद थांबले तर उत्तरे लांब होतात आणि एरवी न बोलणारी मुलेही बोलू लागतात. तीन सेकंद ऐकायला क्षुल्लक वाटतात, पण शांत बसलेल्या सहा माणसांसमोर ते बरेच लांबतात. मनात मोजा.

खरेच गाडी अडली तर एकच प्रश्न विचारा: ‘अजून न वापरलेला क्लू कोणाकडे आहे?’ आणि पुन्हा थांबा. कोणाकडे बोट दाखवू नका, नजरही नको.

कुठे बिघडते

सगळ्यांत बोलका बिघाड तिसऱ्या क्लूचा. चार किंवा पाच जणांत खेळताना हा क्लू ज्याच्याकडे असतो त्याच्याकडे सहावाही असतो. ‘आशाचा विषय वीज’ हे पक्के वाक्य तो लगेच सांगतो. ‘मेरी पहिली नाही तर शेवटची’ हे अर्धवट वाटते, म्हणून ‘नंतर बघू’ म्हणत राखून ठेवतो. इकडे गट उरलेल्या सात क्लूंवर पुढे जातो आणि त्याला हे उत्तर मिळू शकते: इरफान माती, आशा वीज, मेरी पाणी, सुनंदा ध्वनी, कबीर प्रकाश. तपासून पाहा, सातही क्लू चोख बसतात. टेबलावर पंधराही चिठ्ठ्या रांगेत लागलेल्या, कुठे विसंगती नाही, सगळे खूश. अशा वेळी ‘माझ्याकडे अजून एक आहे’ म्हणायला धाडस लागते, आणि कित्येकदा तो माणूस स्वतःचे कार्ड पुन्हा वाचून आपलाच समज चुकला असेल असे ठरवतो. खेळ घेणाऱ्याने इथे ‘चूक’ म्हणू नये. ‘प्रत्येकाने आपापले कार्ड या मांडणीशी ताडून पाहा आणि एकेक करून जुळते की नाही सांगा’ एवढे म्हणावे. या खेळातून गटाने एकच सवय उचलायची असेल तर ती हीच, एकमत झाल्यावर एक फेरी उलटतपासणीची.

आठव्या क्लूची तऱ्हा वेगळी. ध्वनी आणि माती यांचा संबंध अगदी शेवटी लागतो. ज्याच्याकडे तो असतो तो पहिल्या मिनिटाला वाचून मोकळा होतो, कोणाला त्याचे काय करायचे कळत नाही आणि क्लू हवेत विरतो. पंधरा मिनिटांनी गट ‘माती कोण, ध्वनी कोण’ यावर अडून बसतो आणि ‘हे तर दिलेलेच नाही’ अशी तक्रार करतो. बोलणाऱ्याने आपले काम केलेले असते, ऐकून जपून ठेवण्याचे काम मात्र कोणीच केलेले नसते. चर्चेसाठी याहून चांगला दाखला मिळत नाही.

तिसरी चूक ‘कधीतरी’ या शब्दाची. ‘कबीर इरफाननंतर’ हे बरेच जण ‘लगेच नंतर’ असे ऐकतात. तसे धरले तर कोडे सुटतच नाही, कारण आशा आणि सुनंदा बसल्यावर सलग दोन जागा उरतच नाहीत. गट मग आशाची जागा हलवायला लागतो, म्हणजे जे बरोबर आहे तेच मोडतो. क्लू कार्डावरून शब्दशः वाचायला सांगणे हा यावरचा उपाय. सारांश सांगताना असे छोटे शब्द गळतात.

आणि साहेब. वरिष्ठ माणूस गटात असेल तर त्याचा अंदाज हाच गटाचा निष्कर्ष होतो, तो कितीही हळू बोलला तरी. त्याला सरळ निरीक्षक करा (हे काम पुढे सांगितले आहे). मोजणीचे काम दिले की वरिष्ठ मन लावून करतात.

सगळ्यांना खेळता यावे म्हणून

गटात कोण आहे हे आधी विचारा, आणि विचारताना ‘काही अडचण आहे का’ असे न म्हणता ‘कार्ड कशा स्वरूपात हवे: छापील, मोठ्या अक्षरांत, मोबाइलवर, ऐकून, दुसऱ्या भाषेत?’ असे पर्याय द्या. पर्याय समोर असले की निवडणे सोपे जाते.

न दिसणाऱ्या सहभागीला क्लू मोबाइलवर साध्या मजकुरात पाठवा. चित्र किंवा फोटो पाठवला तर स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर, तो नीट वाचेलच असे नाही. चिठ्ठ्यांऐवजी हाताला वेगळ्या लागणाऱ्या वस्तू घ्या आणि एक नियम वाढवा: चिठ्ठी सरकवणाऱ्याने ‘आशा दोनवर ठेवतोय’ असे मोठ्याने म्हणायचे. हा नियम नंतर सगळ्याच गटांत ठेवावासा वाटेल, कारण मुकाट्याने होणारे बदल त्याने थांबतात.

सांकेतिक भाषेचा दुभाषी असेल तर एका वेळी एकच जण बोलेल हे काटेकोर पाळा आणि वेळ दीडपट करा. ऐकू न येणारा माणूस दुभाष्याकडे आणि चिठ्ठ्यांकडे एकाच वेळी पाहू शकत नाही, म्हणून चिठ्ठी हलवायच्या आधी क्षणभर थांबायचे. अडखळत बोलणाऱ्याचे वाक्य दुसऱ्याने पुरे करायचे नाही. ज्याला आधी कल्पना नसताना बोलायला लागणे जड जाते, त्याला खेळाचे स्वरूप आणि नियम आदल्या दिवशी लिहून पाठवा. कोडे नाही, फक्त स्वरूप. तोंडाने सांगायचे नसेल तर लिहून सांगण्याची मुभा असू द्या. क्लू पोहोचणे महत्त्वाचे, तो आवाजातूनच पोहोचला पाहिजे असे काही नाही.

कोड्याच्या विषयात कोणत्याही खेळाचे, धर्माचे किंवा सिनेमाचे ज्ञान गृहीत धरू नका. ‘बुद्धिबळातल्या उंटासारखा चालतो’ असा क्लू दिला की बुद्धिबळ न खेळणारा तिथेच संपला.

निरीक्षकाचे पान आणि नंतरची चर्चा

प्रत्येक गटाला एक निरीक्षक द्या. त्याच्या कागदावर बसल्या जागांप्रमाणे गोल काढलेला असावा आणि प्रत्येकापुढे चार रकाने: किती वेळा बोलले, किती वेळा दुसऱ्याला प्रश्न विचारला, किती वेळा यांचे बोलणे मध्येच तोडले गेले, यांचा क्लू दुसऱ्या कोणी पुन्हा उच्चारला का. उभ्या रेघा मारत जायच्या, मते लिहायची नाहीत.

बोलण्याच्या पाळ्या मोजायला आधार आहे. अनिता विल्यम्स वूली आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये ‘सायन्स’ या विज्ञान नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दोन ते पाच जणांच्या गटांतले ६९९ लोक होते. गटाच्या एकंदर कामगिरीचा सदस्यांच्या सरासरी बुद्ध्यंकाशी संबंध क्षीण निघाला. समोरच्याच्या मनातले ओळखण्याची जाण आणि बोलण्याच्या पाळ्यांची समान वाटणी, यांच्याशी तो अधिक होता.

तरी आकडे वाचून दाखवताना जपा. ‘सर्वांत कमी बोलले ते…’ असे नाव घेतले की त्या माणसाने पुढच्या वेळी न येण्याची व्यवस्था झाली. नावे झाकून फक्त आकृती दाखवा: एकाकडे वीस रेघा, दोघांकडे तीन-तीन. ज्याचे त्याला कळते.

चर्चेची सुरुवात ‘कसे वाटले?’ या प्रश्नाने करू नका, ‘छान वाटले’ याच्या पलीकडे काही येत नाही. आधी दोन मिनिटे प्रत्येकाने एकट्याने लिहायचे, मग बोलायचे. विचारायचे ते असे:

हातातला कोणता क्लू आधी सांगितला, कोणता मागे ठेवला, आणि का?
सगळ्यांत उशिरा वापरलेला क्लू पहिल्यांदा कधी बोलला गेला होता?
चिठ्ठ्यांना कोणाचा हात लागलाच नाही?
उत्तर बरोबर आहे हे कोणी आणि कसे ठरवले?

पहिल्या प्रश्नावर सगळ्यांत जास्त वेळ द्या. ‘मला तो महत्त्वाचा वाटला नाही’ हे उत्तर हमखास येते, आणि तिथून रोजच्या बैठकांत अशीच मागे ठेवलेली माहिती कोणती, इथे गट स्वतःच पोहोचतो. शेवटी गटाने पुढच्या फेरीसाठी स्वतःचा एक नियम करायचा. एकच. ‘अंदाज सांगण्याआधी सगळ्यांचे क्लू एकदा ऐकायचे’ हा नियम बरेच गट करतात. तो पहिल्या फेरीत आपण घालू नये, नाहीतर गटाची मूळ सवय दिसतच नाही.

एखादा गट लवकर संपला तर त्याला सांगा: कोणताही एक क्लू बाजूला ठेवा आणि दुसरे वैध उत्तर शोधा. हे मूळ कोड्याहून अवघड आहे आणि गट पुन्हा चिठ्ठ्यांवर वाकतो.

दुसरी फेरी: मतभेद असताना

पहिल्या कोड्यात माहिती वेगवेगळी असते. दुसऱ्या बैठकीत उलटे करा, माहिती सगळ्यांना सारखी आणि मते वेगळी. त्यासाठी मानसशास्त्रज्ञ पीटर वेसन यांचे १९६६ चे चार कार्डांचे कोडे अजूनही सर्वांत चांगले. टेबलावर चार कार्डे: अ, क, ४, ७. प्रत्येकाच्या एका बाजूला अक्षर, दुसऱ्या बाजूला अंक. नियम असा: एका बाजूला स्वर असेल तर दुसऱ्या बाजूला सम अंक असतो. नियम पाळला गेला आहे का हे तपासायला कोणती कार्डे उलटावीच लागतील?

बहुतेक लोक ‘अ आणि ४’ किंवा नुसते ‘अ’ म्हणतात. बरोबर उत्तर अ आणि ७. चारच्या मागे व्यंजन निघाले तरी नियम मोडत नाही, सातच्या मागे स्वर निघाला तर मोडतो. डेव्हिड मॉशमन आणि मॉली गाइल यांच्या १९९८ च्या प्रयोगात एकट्याने सोडवणाऱ्यांपैकी ९ टक्के बरोबर आले, चर्चा करणाऱ्या गटांपैकी ७५ टक्के.

आधी तीन मिनिटे प्रत्येकाने न बोलता उत्तर लिहायचे, मग सगळ्यांनी एकदम कागद उलटायचे. एकेक करून सांगितले तर दुसरा पहिल्याचे पाहून बदलतो. त्यानंतर पंधरा मिनिटे चर्चा, दोन अटींवर. मतदान नाही, कारण मतदानात चुकीचे उत्तर आरामात जिंकते. आणि दुसऱ्याचे म्हणणे खोडण्याआधी ते त्याच्या समाधानापुरते आपल्या शब्दांत सांगायचे. त्याने ‘हो, हेच म्हणतोय मी’ म्हटले की पुढे. या अटीमुळे चर्चा सुरुवातीला रखडते. रखडू द्या.

ऑनलाइन घेताना

क्लू ज्याला त्याला खासगी संदेशाने पाठवा, कॉल सुरू होण्याआधी. मांडणीसाठी सगळ्यांना बदल करता येईल असा एकच तक्ता उघडा आणि आधी प्रत्येकाकडून एक शब्द टाइप करून घ्या, म्हणजे कोणाला तो उघडत नाही हे तेव्हाच कळेल. क्लू चॅटमध्ये चिकटवायला मनाई ठेवा, नाहीतर सगळी कार्डे टेबलावर ठेवल्यासारखेच होते. मात्र ज्याला बोलता येत नाही किंवा ऐकू येत नाही त्याच्या गटात सगळ्यांनीच टाइप करावे. एकट्याला वेगळा नियम नको.

काही जण एका खोलीत आणि काही दूरवर असतील तर खोलीतल्यांनाही आपापल्या यंत्रावर, वेगळ्या जागी बसवा. एका कॅमेऱ्यासमोर चौघे बसले की त्यांची आपापसातली कुजबुज हीच खरी चर्चा होते.

स्वतःचे कोडे रचताना

उत्तरापासून सुरुवात करा. पाच जागांचा तक्ता भरून टाका, मग त्याच्याकडे पाहून वाक्ये लिहा: दोन थेट (‘अमक्याचा विषय तमका’), दोन-तीन शेजाराची (‘लगेच आधी’, ‘मध्ये एक’), बाकी सैल (‘कधीतरी नंतर’, ‘टोकाला’). एकच उत्तर निघते का ते पाहा. नावांची आद्याक्षरे वेगळी ठेवा. सीमा, सीता, स्मिता एकाच कोड्यात आल्या की निम्मा वेळ ‘कोण म्हणालात?’ यात जातो.

मग खरी परीक्षा. एकेक क्लू झाकून कोडे पुन्हा सोडवा. झाकूनही तेच एकमेव उत्तर आले तर तो क्लू जादा आहे, म्हणजे तो ज्याच्या हातात जाईल तो माणूसही कोड्यापुरता जादा ठरेल. असा क्लू काढा किंवा सैल करा. ‘इरफान तिसरा’ याऐवजी ‘इरफान कबीरच्या आधी’. आठ क्लूंची ही तपासणी तासाभरात होते. शेवटी कोडे माहीत नसलेल्या दोघांना चार-चार कार्डे देऊन सोडवायला सांगा. ते जिथे ‘याचा अर्थ काय?’ असे विचारतील, तिथले वाक्य बदला.